व्हॉल्व्ह ‘डायरेक्ट’ करण्यापूर्वी...

मित्रांनो, इस्त्रीचा थर्मोस्टॅट गेला की आपल्या हॉस्टेलवर काय होतं? आत दोन वायरी एकत्र पिळायच्या आणि इस्त्री ‘डायरेक्ट’ करायची. इस्त्री तापते, शर्टची घडीही छान बसते. फक्त ती आता आपणहून थांबत नाही, हे आपण सोयीस्कररीत्या विसरतो.

गॅरेजमध्येही हाच शब्द चालतो. टर्बोचा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बिघडला, गाडी ओढेना, की कोणीतरी म्हणतंच, “मधला व्हॉल्व्ह काढ, पाईप डायरेक्ट कर.” सुट्टीत दीड महिना मी हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये काम शिकलो. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरसाठी पाठ केलेला फीडबॅकचा लूप तिथे खऱ्या अर्थाने समजला. तो आपल्या सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

व्हॅक्यूम कशासाठी?

टर्बोचार्जरची मूळ कल्पना १९०५ सालच्या पेटंटची, स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांची. एक्झॉस्टच्या वायूवर टर्बाईन फिरवायचं, त्याच शाफ्टवर कॉम्प्रेसर बसवायचा आणि इंजिनात जास्त हवा कोंबायची. अडचण अशी की कमी आरपीएमला एक्झॉस्ट पुरत नाही आणि जास्त आरपीएमला तो नको इतका होतो.

यावरचा उपाय म्हणजे व्हीजीटी, अर्थात व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो. टर्बाईनभोवती छोट्या हलत्या पात्या असतात. पात्या मिटल्या की वाट अरुंद होते, वायूचा वेग वाढतो आणि कमी आरपीएमलाही टर्बो जोरात फिरतो. पात्या उघडल्या की वायू आरामात निघून जातो. पाईपच्या तोंडावर अंगठा दाबून झाडांना पाणी घालतो तेव्हा आपण हेच करतो.

अनेक डिझेल गाड्यांत या पात्या हलवायला व्हॅक्यूमचा ॲक्च्युएटर असतो. डब्यासारखी टोपी, आत रबरी डायफ्रॅम, एक स्प्रिंग आणि बाहेर आलेला दांडा. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा थ्रॉटलमुळे तयार होणारा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. लक्षात ठेवा, ब्रेकचा बूस्टरही याच पंपावर चालतो. हा मुद्दा पुढे येणार आहे.

थोडं गणित करू. समजा डायफ्रॅमचा व्यास ४५ मिमी आहे. क्षेत्रफळ झालं सुमारे १६ चौरस सेंमी. आत ०.५ बार व्हॅक्यूम असेल तर दांड्यावर जोर येतो सुमारे ८० न्यूटन, म्हणजे ८ किलो वजनाइतका. पंपाचा पूर्ण ०.८५ बार दिला तर तोच जोर जवळजवळ १४ किलोचा. गंमत म्हणजे हा जोर व्हॅक्यूम लावत नाही. बाहेरची हवा डायफ्रॅमला ढकलते, व्हॅक्यूम फक्त समोरचा विरोध काढून घेतो.

व्हॉल्व्हचं खरं काम

आता हा मधला व्हॉल्व्ह. त्याला तीन तोंडं. एकात पंपाकडून व्हॅक्यूम येतो, दुसऱ्यातून ॲक्च्युएटरकडे जातो आणि तिसरं छोट्या फिल्टरमधून बाहेरच्या हवेला उघडं असतं. ईसीयू त्याच्या कॉइलला पल्स देतो. पल्सच्या चालू-बंद वेळेच्या प्रमाणावर ठरतं, की किती व्हॅक्यूम पुढे सोडायचा आणि किती हवा मिसळायची. इनटेकवरचा प्रेशर सेन्सर प्रत्यक्ष बूस्ट मोजतो, ईसीयू तो मागणीशी ताडून पाहतो आणि पल्स बदलतो. झाला क्लोज्ड लूप!

म्हणजे व्हॉल्व्ह हा नुसता नळ नव्हे. तो ईसीयूचा हात आहे. तो काढून पाईप सरळ जोडला, की ईसीयूला दिसतं सगळं, पण करता काही येत नाही.

गॅरेजमध्ये काय पाहिलं

एके दिवशी प्रवासी वाहतुकीची एक डिझेल गाडी आली. ड्रायव्हरभाऊंची तक्रार, “चढाला दमच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे देवदर्शनाची पार्टी घाट चढवून न्यायचीय.” स्कॅनरवर कोड होता पी ०२९९, म्हणजे मागणीपेक्षा बूस्ट कमी. ईसीयूने गाडी लिम्प मोडमध्ये टाकलेली.

गॅरेजच्या काकांनी आधी डोळ्यांनी सगळे होज पाहिले, मग इंजिन चालू करून गेज लावला. व्हॉल्व्हच्या आत येणारा व्हॅक्यूम ०.८ बार, बाहेर जाणारा जेमतेम ०.१. मग त्यांनी व्हॉल्व्ह बाजूला ठेवून पाईप डायरेक्ट जोडला. दांडा खटकन पूर्ण आत ओढला गेला. इंजिन बंद करून पाईप काढल्यावर अलगद परत आला. म्हणजे पात्या मोकळ्या आणि डायफ्रॅम शाबूत. दोष व्हॉल्व्हमध्येच.

पाईप तसाच ठेवून काका गाडी जरा पुढे नेऊन आले, स्कॅनर माझ्या मांडीवर. हजार-दीड हजार आरपीएमला गाडी अशी उचलली, की ड्रायव्हरभाऊ खूश! पण पेडल थोडं दाबताच प्रत्यक्ष बूस्टचा आकडा मागणीच्या वर चढू लागला. काकांनी लगेच पाय काढला.

“दादा, पळतीय ना आता? मग राहू द्या की असंच. पार्टी सोडून आलो की बघू.”

काका म्हणाले, “भाऊ, पळतीय खरी. पण तिला आवरणारं आता कोणी नाही. घाटात माणसं भरून अशी गाडी मी देणार नाही.”

ड्रायव्हरभाऊ चिडले. पार्टी दुसऱ्याच्या गाडीला द्यावी लागली, एक भाडं बुडालं. नवा व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि अर्ध्या तासात बसला. व्हॉल्व्हची किंमत टर्बोच्या मानाने अगदीच किरकोळ होती.

एवढं काय बिघडलं असतं?

मीही काकांना हेच विचारलं होतं. उत्तर आपल्याच पुस्तकात आहे. कमी आरपीएमला ईसीयू तसाही पात्या मिटलेल्याच ठेवतो, म्हणून डायरेक्ट केलेली गाडी सुरुवातीला एकदम दुरुस्त वाटते. फसगत इथेच होते. आरपीएम वाढला की पात्या उघडायला हव्यात, पण त्या मिटलेल्याच राहतात. छोट्या गाड्यांचे टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतात. फिरत्या चाकावरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग फक्त १० टक्के जास्त झाला, तर ताण २१ टक्के जास्त! शिवाय एक्झॉस्ट तुंबून इंजिनवर उलटा दाब येतो. ईसीयू ओव्हरबूस्टचा कोड पी ०२३४ टाकून डिझेल कमी करेल, पण ऐन चढावर, ओव्हरटेक करताना एकदम ताकद जाणं हाही धोकाच.

पेट्रोलमध्ये उलटा कारभार

हा भाग नीट वाचा, कारण व्हायव्हाला नाही तरी आयुष्यात विचारला जाईल. अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांत वेस्टगेट असतं आणि ते व्हॅक्यूमवर नाही, तर कॉम्प्रेसरच्याच दाबावर उघडतं. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांतला एन ७५ हा व्हॉल्व्ह प्रसिद्ध आहे. पेट्रोल १.८ टर्बोमध्ये तो वेस्टगेटकडे जाणाऱ्या दाबातला काही भाग काढून घेतो आणि त्यामुळे बूस्ट वाढतो. इथे व्हॉल्व्ह काढून कॉम्प्रेसरचा पाईप सरळ वेस्टगेटला जोडला, तर वेस्टगेट स्प्रिंगच्या दाबालाच उघडतं. बूस्ट कमीत कमी राहतो. गाडी मंद, पण सुरक्षित. उलट तो पाईप नुसता काढून ठेवला तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट बेसुमार वाढतो.

म्हणजे बघा:

● व्हॅक्यूमची व्हीजीटी डिझेल: डायरेक्ट जोडणं धोक्याचं, पाईप काढणं सुरक्षित.
● दाबावर चालणारं वेस्टगेट: पाईप काढणं धोक्याचं, डायरेक्ट जोडणं सुरक्षित.

शब्द एकच, ‘बायपास’, आणि परिणाम बरोब्बर विरुद्ध. म्हणून पक्कड हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: सिग्नल गेला, तर स्प्रिंग या यंत्राला कुठे नेऊन ठेवते? डिझाईन करणाऱ्याने ती सुरक्षित जागा आधीच ठरवलेली असते. आपला बायपास त्या जागेकडे नेत असेल तर ठीक, विरुद्ध नेत असेल तर हात मागे घ्या.

स्वतः तपासायचं असेल तर

१) आधी होज पाहा. उष्णतेने तडकलेला किंवा निसटलेला पाईप हा नेहमीचा आरोपी.
२) मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. इंजिन बंद आणि थंड असताना ॲक्च्युएटरचा पाईप सिरिंजला जोडून ओढा. दांडा न अडखळता हलला पाहिजे आणि सिरिंज धरून ठेवली तर तिथेच थांबला पाहिजे. हळूहळू परत आला तर डायफ्रॅम किंवा जोड गळतोय.
३) मल्टिमीटरने कॉइलचे ओहम मोजा. अनंत आले तर कॉइल तुटली. बाकी आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडा.
४) हवेच्या तोंडावरचा फिल्टर पाहा. तो बुजला तर व्हॅक्यूम सुटत नाही आणि दोष ओव्हरबूस्टचा दिसतो.
५) हे सगळं झाल्यावरच व्हॉल्व्हला दोष द्या.

आणि रस्त्यात अडकलात तर? वर सांगितलेल्या डिझेलमध्ये ॲक्च्युएटरचा पाईप काढून ॲक्च्युएटर मोकळा ठेवा. पण पाईपचं उघडं टोक बोल्ट घालून घट्ट बंद करा. नाहीतर पंप तिथून हवाच ओढत बसेल, बूस्टरला व्हॅक्यूम पुरणार नाही आणि ब्रेकचं पेडल कडक होईल. निघण्यापूर्वी ब्रेक दोन-चार वेळा दाबून पाहा आणि मगच हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत या.

बऱ्याच नव्या गाड्यांत व्हॅक्यूमऐवजी इलेक्ट्रिक मोटरचा ॲक्च्युएटर असतो. तिथे डायरेक्ट करायला पाईपच नाही. पण जुन्या गाड्या आपल्या रस्त्यांवर अजून कितीतरी वर्षं धावणार आहेत आणि “डायरेक्ट करून टाक” म्हणणारेही भेटणार आहेत.

तेव्हा मित्रांनो, बायपास ही चाचणी म्हणून उत्तम. दोष कुठे आहे, ते ती पाच मिनिटांत सांगते. पण चाचणी संपली की पाईप पुन्हा जागेवर गेला पाहिजे. आणि हो, दुसऱ्या मजल्यावरची ती डायरेक्ट केलेली इस्त्री कोणाची आहे, त्यांनीही या रविवारी थर्मोस्टॅट बदलून घ्यावा, ही विनंती!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी