इंटरल्यूकिन-६ : रोगाची खूण आणि औषधाचे लक्ष्य

आमवाताचा रुग्ण आजकाल रिकाम्या हाताने येत नाही. सोबत तपासण्यांची फाइल असते. तीतील सी.आर.पी.च्या आकड्यावरून आपण शोथाचा अंदाज घेतो आणि महिन्याभराने तो उतरला की श्रेय आपल्या कल्पाला देतो. या आकड्यामागे इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन उभे असते. त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जपानमधील ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो व तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ साली या प्रथिनाच्या जनुकाची रचना उलगडली. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवणारा घटक ते शोधत होते. यकृताला चेतवणारा म्हणून इतरांनी वर्णिलेला घटकही हाच, हे नंतर उघड झाले. गुडूची, अमृता, छिन्नरुहा, वत्सादनी ही एकाच वेलीची नावे जाणणाऱ्या वैद्यांना याचे नवल वाटू नये.

शोथयुक्त सांध्यातील पेशी हे प्रथिन स्रवतात. रक्तावाटे ते यकृतात जाते, तेथील ग्राहींना जोडले जाते आणि यकृत सी.आर.पी. व फायब्रिनोजेन अधिक प्रमाणात बनवू लागते. फायब्रिनोजेन वाढले की ई.एस.आर.ही वाढतो. त्याच प्रेरणेने यकृतातून हेप्सिडिन स्रवते. मग आतड्यातून लोहाचे शोषण घटते आणि साठ्यातील लोह साठ्यातच अडकून राहते. जीर्ण आमवातातील पांडुता केवळ लोहकल्पांनी का हटत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन या प्रथिनावर नव्हे, तर त्याच्या ग्राहीवर बसते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी त्याला जपानमध्ये २००८ साली, तर अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. ग्राहीच अडवल्यामुळे रक्तातील इंटरल्यूकिन-६ची विल्हेवाट मंदावते आणि त्याची पातळी कमी होण्याऐवजी वाढते, सी.आर.पी. मात्र झपाट्याने उतरते. म्हणजे उपचार लागू पडत असतानाही एक निर्देशक वर जातो आणि दुसरा खाली येतो. अशा रुग्णाला आपण सिंहनाद गुग्गुळ दिला व सी.आर.पी. उतरले, तर ते यश गुग्गुळाचे म्हणून नोंदवणे शास्त्राला धरून होणार नाही.

याहून गंभीर बाब ज्वराची आहे. हे प्रथिन जंतुसंसर्गाशी झुंजण्याच्या कामीही येते. ते रोखलेल्या रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी ज्वर सौम्य राहू शकतो आणि सी.आर.पी. प्राकृत दिसू शकते. खोकला, धाप वा ग्लानी असेल, तर केवळ आकड्यावर विसंबून लंघन-पाचनात दिवस घालवू नयेत. रुग्णाला त्याच्या मूळ चिकित्सकाकडे तातडीने पाठवावे.

औषधनिर्मात्यांसाठी थोडे. प्रयोगशाळेतील पेशींवर हरिद्रेतील कर्क्युमिनने इंटरल्यूकिन-६चा स्राव घटतो, हे खरे. परंतु कर्क्युमिन आतड्यातून फारच अल्प शोषले जाते. काचपात्रातील या निष्कर्षावरून हरिद्राचूर्णाच्या वेष्टनावर दावा छापणे आम्हांस मान्य नाही.

केसपेपरवर 'सध्याची औषधे' या सदरात असे इंजेक्शन चालू आहे काय आणि शेवटचे केव्हा घेतले, हे विचारून दिनांकासह लिहावे. गोळ्यांची नावे रुग्ण आपणहून सांगतो. चार आठवड्यांनी एकदा शिरेतून घेतलेले औषध त्याच्या ध्यानीही नसते.