दगडातील शंखाची साक्ष

आपल्या नांदेड-लातूरकडचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थिजलेले थर होत. एक थर निवाल्यावर दुसरा येईपर्यंत काही ठिकाणी मोठा काळ जाई. त्या अवधीत तळी साचत, गाळ बसे आणि गोगलगायींचे शंख त्यात पुरले जात. पुढे पाण्यात विरघळलेल्या सिलिकामुळे गाळासह शंखांचाही दगड झाला.

नांदेडच्या सीमेपलीकडील निर्मलच्या डोंगरात असे शंख डॉ. माल्कमसन यांना मिळाले. १८४० साली सॉवर्बी यांनी त्यांतील एकास 'फायसा प्रिन्सेपी' असे नाव दिले. १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडून सम्राट अशोकांचे शिलालेख वाचणारे जेम्स प्रिन्सेप ते हेच! म्हणून आम्हांस या शंखाचे विशेष वाटते.

शंख सापडला की लोक म्हणतात, येथे समुद्र होता. गंडकीकाठी मिळणाऱ्या, शाळिग्राम म्हणून पूजल्या जाणाऱ्या अमोनाइटबाबत ते खरे आहे. तो समुद्रातलाच प्राणी. फायसा मात्र गोड्या पाण्यातली. शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे धरले, तर तिचे तोंड डावीकडे दिसते. बहुतेक गोगलगायींचे उजवीकडे असते.

विद्यार्थ्यांनी संग्रह करताना सुटे पडलेले दगडच उचलावेत. गाव, ओढा व तारीख त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहावी. ठिकाण हरवलेल्या शंखाची साक्षही हरवते. ऐकीव गोष्ट तपासूनच स्वीकारावी, ही तथागतांची शिकवण आपण सभेत सांगतो. ती ओढ्याकाठीही पाळू या.