भाजीपाल्याचा रतीब आणि संकेतस्थळावरून वर्गणीची वसुली

दुधाचा रतीब ही आपल्याकडील जुनी व सर्वांच्या परिचयाची पद्धत आहे. गवळ्याने रोज ठरलेले माप घालावयाचे, गृहिणीने दिनदर्शिकेवर खुणा करावयाच्या आणि महिनाअखेरीस हिशेब चुकता करावयाचा, असा हा व्यवहार परस्परांच्या विश्वासावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अलीकडे काही शेतकरी गट व शेतकरी उत्पादक कंपन्या याच रीतीने भाजीपाल्याच्या टोपल्या, दूध व अंडी शहरातील कुटुंबांना ठराविक वारी पोचवू लागल्या आहेत. मागणी आधी कळत असल्याने लागवडीचे नियोजन करता येते व बाजारभावातील चढउताराची झळ कमी लागते.

परंतु ग्राहकांची संख्या शंभराच्या पुढे गेली की वसुलीचे काम जड होऊ लागते. कोणी पैसे दिले, कोणाचे राहिले, याचा मेळ वहीत बसत नाही. अशा वेळी गटाच्या संकेतस्थळाला वर्गणी-वसुलीची सेवा जोडून घेणे सोयीचे ठरते. ही जोडणी नीट झाली नाही, तर मात्र एकाच ग्राहकाकडून दोनदा पैसे घेतले जाणे, पैसे भरलेल्यास टोपली न मिळणे, अथवा न भरलेल्यांसाठी माल तोडला जाणे असे प्रकार घडतात. सबब गटाचे संचालक, हिशेबनीस व संकेतस्थळाचे काम पाहणारे तरुण यांनी पुढील माहिती लक्षपूर्वक वाचावी.

ग्राहकाची संमती व तिचे नियम

या पद्धतीत ग्राहक एकदा संमती देतो व त्यानंतर ठरलेल्या मुदतीस त्याच्या खात्यातून रक्कम आपोआप वळती होते. या संमतीस ई-मँडेट म्हणतात. कार्डावरील अशा व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये नियम घालून दिले. जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे ही सोय सुरू झाली, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून नियमांची अंमलबजावणी कसोशीने होऊ लागली. त्यांतील मुख्य गोष्टी येणेप्रमाणे आहेत :

(१) संमती देताना ग्राहकाने यूपीआय पिन अथवा ओटीपी देऊन स्वतःची ओळख पटविली पाहिजे.

(२) दर वसुलीपूर्वी निदान २४ तास आधी ग्राहकास पूर्वसूचना गेली पाहिजे.

(३) ठराविक रकमेपर्यंतच्या वसुलीस पुन्हा पिन द्यावा लागत नाही. ही मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. भाजीपाल्याची टोपली या मर्यादेच्या पुष्कळच खाली असते.

(४) ग्राहकास संमती केव्हाही काढून घेता येते.

संमती ठराविक रकमेची किंवा कमाल मर्यादा घालून बदलत्या रकमेची घेता येते. ठराविक रकमेची संमती असता भाव वाढला म्हणून जादा रक्कम घेता येत नाही. त्यासाठी नवी संमती घ्यावी लागते. पावसाळ्याच्या तोंडी पालेभाज्या महागतात, तेव्हा दर आठवड्यास रक्कम बदलण्यापेक्षा टोपलीची किंमत कायम ठेवून तीतील भाज्यांचे प्रमाण बदलणे अधिक हितावह असते.

पूर्वतयारी व खर्चाचा अंदाज

सेवा निवडताना ती रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पेमेंट ॲग्रिगेटरचीच असावी. कंपनीचा पॅन, बँकेचे चालू खाते व नोंदणीची कागदपत्रे तयार ठेवावीत. विक्रीच्या अटी, परताव्याचे नियम, पत्ता व दूरध्वनी या गोष्टी संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. त्यांवाचून अर्ज बहुधा अडून राहतो.

ताज्या भाजीपाल्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. तथापि वसुली-सेवेच्या आकारावर तो लागू असेल तेथे शेकडा १८ प्रमाणे लागतो. समजा, टोपलीची किंमत २५० रुपये व सेवेचा आकार शेकडा २ आहे. म्हणजे आकार ५ रुपये व त्यावरील कर ९० पैसे मिळून ५ रुपये ९० पैसे वजा होऊन २४४ रुपये १० पैसे हाती येतील. १२० ग्राहकांमागे हा खर्च आठवड्यास ७०८ रुपये होतो. हा खर्च किंमत ठरवितानाच धरावा. प्रत्येक व्यवहारामागे ठराविक आकार घेणारी सेवा असेल, तर आठवड्याऐवजी महिन्याची वसुली किफायतशीर पडते.

जोडणीचे टप्पे

प्रथम सेवेकडे ‘प्लॅन’ नोंदवावा. म्हणजे रक्कम किती व मुदत कोणती हे ठरवून द्यावे. अनेक सेवांना रक्कम पैशांत कळवावी लागते, ही गोष्ट विसरू नये. २५० रुपयांसाठी २५००० असा आकडा द्यावा लागतो. २५० लिहिल्यास अडीच रुपयेच वसूल होतील.

ग्राहकाने टोपली निवडली की आपल्या सर्व्हरने सेवेकडे त्याच्या नावे ‘सबस्क्रिप्शन’, म्हणजे रतीब, उघडावा. सेवा त्यास एक क्रमांक देते. तो आपल्या नोंदवहीत ग्राहकाच्या नावासमोर जपून ठेवावा. नंतर ग्राहकास सेवेच्या संमती-पृष्ठावर पाठवावे. कार्डाचा क्रमांक आपण स्वतः मागू नये व साठवूही नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना तशी साठवण करता येत नाही.

सेवेकडून मिळणाऱ्या दोन किल्ल्यांपैकी गुप्त किल्ली केवळ सर्व्हरवर ठेवावी. ती संकेतस्थळाच्या उघड्या मजकुरात, मोबाईल ॲपमध्ये किंवा सार्वजनिक कोडसंग्रहात जाऊ देऊ नये. बियाण्याच्या कोठाराची किल्ली ज्या दक्षतेने सांभाळावयाची, त्याच दक्षतेने ही सांभाळावी.

वर्दी व तिची पारख

संमती देऊन ग्राहक आपल्या संकेतस्थळावर परत आला, म्हणजे पैसे जमा झाले असे समजू नये. मध्येच जोडणी तुटून काहीजण परत येतच नाहीत. शिवाय पुढील आठवड्यांची वसुली ग्राहकाच्या गैरहजेरीतच होते. म्हणून प्रत्येक वसुलीची बातमी सेवा आपल्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवीत असते. या व्यवस्थेस वेबहूक म्हणतात. आपण तीस वर्दी म्हणू. सर्व हिशेब या वर्दीवर उभा असल्याने तीबाबत चार दक्षता घ्याव्यात.

पहिली दक्षता खरेपणाची. वर्दीचा पत्ता ठाऊक असलेला कोणीही खोटी वर्दी धाडू शकतो, आणि तेवढ्यावर विसंबल्यास फुकट माल जाईल. वर्दीसोबत सेवेची सही असते. आपणापाशी असलेल्या गुप्त शब्दाच्या साह्याने, बहुधा एचएमएसी एसएचए-२५६ या रीतीने, ती पडताळावी. पडताळणी करताना मजकूर जसा आला तसाच घ्यावा. तो उलगडून पुन्हा मांडल्यास एखाद्या रिकाम्या जागेच्या फरकानेही सही जुळत नाही.

दुसरी दक्षता पुनरावृत्तीची. आपले उत्तर पोचले नाही तर सेवा तीच वर्दी पुन्हा धाडते. संकलन केंद्रावर एकच पावती दोनदा नोंदली तर दुधाचा हिशेब जसा फुगतो, तसेच येथे होते. प्रत्येक वर्दीचा क्रमांक नोंदवावा व तो क्रमांक पुन्हा आल्यास दुसरी नोंद करू नये.

तिसरी दक्षता क्रमाची. आधीची वर्दी मागाहून येऊ शकते. ‘रतीब बंद’ या वर्दीनंतर जुनी ‘रतीब चालू’ ही वर्दी आली म्हणून तो पुन्हा चालू धरू नये. शंका आल्यास सेवेकडे चौकशी करून सद्यःस्थिती विचारून घ्यावी.

चौथी दक्षता वेळेची. वर्दी येताच सही तपासावी, ती नोंदवून ठेवावी व काही सेकंदांतच पोच द्यावी. पावती लिहिणे, संदेश धाडणे ही कामे त्यानंतर करावीत.

न झालेली वसुली व तोडणीची यादी

खात्यात शिल्लक नसणे, कार्डाची मुदत संपणे, बँकेची यंत्रणा बंद असणे अशा कारणांनी काही वसुली होत नाही. कारखान्याचा माल न विकल्यास कोठारात राहतो. तोडलेली मेथी मात्र दुसऱ्या दिवशी कोमेजते. १२० टोपल्या, प्रत्येकीत ५ किलो भाजी असे धरल्यास ८ ग्राहकांची वसुली न होणे म्हणजे ४० किलो माल व २,००० रुपये धोक्यात येणे होय. यासाठी वसुलीचे वेळापत्रक तोडणीच्या वेळापत्रकाशी बांधावे. वाटप शनिवारी असल्यास पुढीलप्रमाणे आखणी करावी :

मंगळवार : ग्राहकांस पूर्वसूचना.

बुधवार : वसुली. ऑगस्ट २०२५ पासून यूपीआयची आपोआप होणारी वसुली गर्दीच्या वेळा टाळून केली जाते. म्हणून सकाळीच सर्व आकडे हाती येतील अशी अपेक्षा धरू नये.

गुरुवार : न झालेल्या वसुलीचा पुनःप्रयत्न, किंवा ग्राहकास एक वेळ रक्कम भरण्याचा दुवा. ज्यांच्याबाबत कोणतीच वर्दी नाही, त्यांची स्थिती सेवेकडे विचारून घेऊन सायंकाळी यादी बंद करावी व शेतकऱ्यांस तोडणीचे वजन कळवावे.

शुक्रवार : तोडणी व प्रतवारी. शनिवार : वाटप.

सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेप्रमाणे चालते व ते आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. बुधवारी पहाटे दोनची वसुली तेथे मंगळवारची म्हणून नोंदली जाईल. वाराचा हिशेब नेहमी भारतीय वेळेनेच करावा.

रतीब बंद करणे व परतावा

परगावी जाणाऱ्या ग्राहकास रतीब काही काळ थांबविण्याची व नको असल्यास बंद करण्याची सोय संकेतस्थळावर सहज सापडेल अशी ठेवावी. ग्राहकाने बंद केलेला रतीब केवळ आपल्या वहीत खोडून भागत नाही. सेवेकडेही तो बंद करावा लागतो, अन्यथा पुढील आठवड्यास पैसे कापले जातील.

गारपिटीने किंवा अतिवृष्टीने माल गेला व टोपली देता आली नाही, तर घेतलेली रक्कम परत करावी अथवा ग्राहकाच्या संमतीने पुढील आठवड्यात वळती करावी. परतावा दिला तरी सेवेचा आकार बहुधा परत मिळत नाही. त्यासाठी गटाने थोडा निधी राखून ठेवावा.

रोजचा ताळा व चाचणी

सेवा रक्कम बहुधा दोन-तीन कामकाजी दिवसांनी, आपला आकार वजा करून, एकत्र जमा करते. कीर्दीतील टोपल्यांची नोंद, सेवेचे विवरण व बँकेचा उतारा या तिन्हींचा ताळा रोज घालावा. फरक एक रुपयाचा असला तरी त्याचे कारण शोधावे. मोठ्या चुका प्रथम लहान फरकांतूनच उघड होतात.

जोडणी प्रत्यक्ष सुरू करण्यापूर्वी सेवेच्या चाचणी-विभागात यशस्वी वसुली, अयशस्वी वसुली, दोनदा आलेली वर्दी, खोटी सही व रतीब बंद करणे, हे पाचही प्रसंग करून पाहावेत. चाचणीतील किल्ल्या व प्लॅन खऱ्या व्यवहारास चालत नाहीत. ते नव्याने नोंदवावे लागतात. नवे वाण जसे आधी एका वाफ्यात लावून पाहतात, तसे प्रथम दहा-पंधरा परिचित ग्राहकांवर महिनाभर ही पद्धत चालवावी व मगच सर्वांस खुली करावी.

ध्यानात ठेवावे

संमती स्पष्ट घ्यावी. गुप्त किल्ली सर्व्हरवरच ठेवावी. सही पडताळल्यावाचून वर्दी मानू नये व एक वर्दी दोनदा नोंदू नये. यादी बंद झाल्यावाचून तोडणी करू नये. ताळा रोज घालावा. इतके पथ्य सांभाळल्यास शेतकऱ्यास त्याच्या मालाचे पैसे वेळेवर मिळतील, आणि ग्राहकाचा गटावरील विश्वास टिकून राहील.