रात्रीच्या गाडीने शेजारच्या देशात

थायलंड आणि मलेशिया हे शेजारी देश आहेत. थायलंडची राजधानी बँकॉक. तेथून दुपारी चारच्या सुमारास ४५ नंबरची आगगाडी निघते. ती रात्रभर दक्षिणेकडे धावते आणि सकाळी आठच्या सुमारास पाडांग बेसार स्टेशनात थांबते. हे स्टेशन मलेशियात आहे.

विमान लवकर पोचवते खरे. पण बेताच्या पैशात फिरणाऱ्याला ही गाडी सोयीची. रात्रीच्या खोलीचे भाडे वाचते. निजण्याच्या डब्यात वरची जागा स्वस्त मिळते. मात्र ती अरुंद असते, खिडकी नसते, आणि दिवा रात्रभर डोळ्यांवर येतो. आम्ही उभयता गेलो तेव्हा एक वरची व एक खालची घेतली. संध्याकाळी गाडीवरचा माणूस येऊन बिछाना घालतो, पडदा लावतो. आपण दशमी-चटणी खाऊन पडावे. २०१४ पासून या गाड्यांत दारूला बंदी आहे. ते आम्हांला फार बरे वाटले.

सकाळी हात याई स्टेशन येते. तेथे बरेच डबे सुटतात. दोनच पुढे जातात. म्हणून तिकिटावर पाडांग बेसार लिहिले आहे ना, डब्याचा नंबर तोच आहे ना, हे गाडीत चढतानाच आपल्या डोळ्यांनी वाचावे. दुसऱ्याला विचारून भागवू नये.

पाडांग बेसारला सगळे सामान घेऊन उतरायचे. एकाच इमारतीत दोन्ही देशांच्या कचेऱ्या आहेत. आधी थायलंडचा बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, मग मलेशियाचा आत आल्याचा. मलेशियाचा एक अर्ज तेथे पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत फोनवरून भरावा लागतो. तो सरकारकडे फुकट भरता येतो. कोणी त्याचे पैसे मागू लागला तर देऊ नका.

रांगेत आमच्या पुढे एक मजूर होता. थायलंडात शिरताना पासपोर्टवर जो शिक्का मारतात, त्यात कोणत्या दिवसापर्यंत राहायचे ती तारीख असते. त्याची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. दंड दिवसाला ५०० बाट. दोन दिवसांचे झाले १,०००! बिचाऱ्याने खिसे उलटेपालटे केले. तारीख तर त्याच्याच खिशात होती, पण ती कोणी त्याला वाचून दाखवली नव्हती. शिक्क्यावर आकडे इंग्रजी असतात. निदान ते दहा आकडे तरी ओळखायला शिका.

आता घड्याळ. मलेशियाचे घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे आहे. सूर्य काही तासाभराने आधी उगवत नाही! १९८२ साली मलेशियाच्या सरकारने दूरच्या साबा व सारावाक प्रांतांशी वेळ जुळावी म्हणून इकडची घड्याळे अर्धा तास पुढे सारली. तेव्हा शिक्का मिळाला, की काटा फिरवून घ्यावा. बटरवर्थला जाणारी पुढची लोकल मलेशियाच्या वेळेने सुटते, आणि तिच्या तिकिटाचे पैसे रिंगिटमध्ये असतात.