पहिले आठही सामने हरलेली टीम आणि गोडाउनमध्ये अडकलेला आपला पैसा

मागच्या व्हिडिओखाली एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, चार महिने झाले, धंदा तोट्यात चाललाय. बंद करू का?" हो-नाही मध्ये उत्तर देणं सोपं आहे, पण मी देणार नाही. आधी आपल्याच मुंबईच्या टीमचा एक वाईट सीझन नीट बघूया.

आयपीएल 2022. मुंबई इंडियन्स म्हणजे तोपर्यंत पाच वेळा कप जिंकलेली टीम. त्या वर्षी लीगचे सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात, म्हणजे घरच्या अंगणात. तरी 27 मार्च ते 24 एप्रिल या काळात सलग आठ सामने हरले. शेवटी 14 पैकी 4 जिंकले आणि दहा टीममध्ये दहावे आले. आमच्या खांबला चहाच्या टपरीवर रोज एकच चर्चा: रोहितची बॅट चालत नाही, बॉलिंगमध्ये दम नाही. ते खरंच होतं, रोहितने पूर्ण सीझनमध्ये एकही अर्धशतक केलं नाही. पण दुकानदाराच्या नजरेने बघाल तर हा तोटा एप्रिलमधला नाहीच. तो फेब्रुवारीतल्या लिलावात, म्हणजे खरेदीत झालेला आहे.

हिशोब मांडू. प्रत्येक टीमला 90 कोटींची मर्यादा. मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड या चौघांना ठेवलं, त्यात 42 कोटी गेले. उरले 48. त्यातून ईशान किशन 15.25 कोटी, टिम डेव्हिड 8.25 कोटी आणि जोफ्रा आर्चर 8 कोटी. तिघांचे झाले साडेएकतीस. म्हणजे बाकीची अख्खी टीम साडेसोळा कोटीत बसवायची!

आता आर्चरचं बघा. तो जखमी होता आणि 2022 मध्ये खेळणार नाही हे लिलावाच्या वेळीच माहीत होतं. पुढच्या वर्षी बुमराह-आर्चर जोडी करायची, असा विचार. विचार वाईट नव्हता. पण आदल्याच दिवशी मुंबईचा जुना बॉलर ट्रेंट बोल्ट राजस्थानकडे गेला, तोही 8 कोटींनाच. राजस्थान त्या वर्षी फायनल खेळलं. रक्कम तीच. एकाचा माल त्याच सीझनला चालला, दुसऱ्याचा गोडाउनमध्ये राहिला. आणि 2023 ला आर्चर आला तेव्हा खेळला किती? पाच सामने.

हे वाचून मला हसू येत नाही, कारण मीही हेच केलंय. माझं भांडी-प्लास्टिकचं दुकान. एका डिसेंबरात होलसेलवाल्याने ताडपत्री आणि रेनकोटवर ऑफ-सीझनचा रेट दिला. मला वाटलं, जूनमध्ये हाच माल वीस टक्के महाग मिळेल, उचलून ठेवू. सव्वा लाख घातले. मग शिमग्याला चाकरमानी गावी आले, पाठोपाठ लग्नसराई. आहेराची भांडी मागायला गिऱ्हाईक दारात, आणि माझ्याकडे माल भरायला पैसा नाही. लोक सरळ कोलाडला, रोह्याला गेले. ताडपत्री जूनमध्ये विकली गेली हो, फायदाही झाला. पण रोह्याला गेलेली काही घरं पुढच्या लग्नालाही तिकडेच गेली. हा तोटा वहीत कुठल्याच पानावर दिसत नाही.

दुसरी चूक याच्या उलट. टिम डेव्हिडला 8.25 कोटी मोजले, पहिले दोन सामने खेळवला आणि पुढचे सहा बाहेर बसवला. तो परत आला 30 एप्रिलला, राजस्थानविरुद्ध. 9 चेंडूंत नाबाद 20, आणि मुंबईचा पहिला विजय त्याच दिवशी. आपल्या बॅचमधल्या पेणच्या एका ताईंनी कर्ज काढून पापडाचं मशीन घेतलं होतं. पहिल्या दोन घाण्यांत पापड फाटले, म्हणून त्यावर चादर टाकून पुन्हा हाताने लाटायला लागल्या. हप्ता मात्र चालूच! पीठ जरा घट्ट मळलं, काम झालं. दोन दिवसांच्या बिघाडावरून आठ लाखांची असो की आठ कोटींची, वस्तू निकालात काढू नका.

माणसाचंही तेच. 6 एप्रिलला पुण्यात डॅनियल सॅम्सच्या एका ओव्हरमध्ये पॅट कमिन्सने मारलं, 35 रन गेले. बरोबर एका महिन्याने, 6 मे ला, गुजरातला शेवटच्या ओव्हरमध्ये 9 हवे होते. बॉल दिला सॅम्सच्याच हातात. त्याने 3 दिले, मुंबई 5 रननी जिंकली. तिलक वर्मा तर 1.70 कोटींचा पोरगा, त्याने 397 रन केले. रोहितचे 268.

पण एक फरक लक्षात ठेवा, नाहीतर हा लेख वाचून कोणीतरी चुकीचं धाडस करेल. आयपीएलची टीम शेवटची आली तरी तिचा गल्ला भरतो. टीव्हीच्या हक्कांच्या पैशातला वाटा टीमना मिळतोच. त्याच 2022 च्या जूनमध्ये पुढच्या पाच वर्षांचे हक्क 48,390 कोटींना गेले. त्यांना एक वर्ष 'पुढच्या वर्षासाठी' खर्ची टाकणं परवडतं. तुम्हाला-मला एक लग्नसराईसुद्धा परवडत नाही. दुकानाचं भाडं आणि लाईट बिल पुढचं वर्ष बघत नाही.

तर 'बंद करू का' विचारणाऱ्यांनी आज रात्री एवढं करा. वहीचं एक पान घ्या, गेल्या सहा महिन्यांत ज्या ज्या गोष्टीत पैसा घातला ती लिहा. समोर लिहा: हा पैसा मला कोणत्या महिन्यात परत मिळणार होता? आर्चरसारखी रक्कम एकूण भांडवलाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त निघाली (हा माझा अंदाजी नियम आहे, पुस्तकातला नाही), तर तुमचा धंदा तोट्यात नाही, अडकलाय. आधी तो माल थोडा कमी नफ्यात काढा आणि चालू सीझनचा माल भरा. डेव्हिडसारखं मशीन चादरीखाली असेल तर पंधरा दिवस रोज चालवा. आणि दोन्ही नाहीत, माल खपतोय, तरी हातात काही उरत नाही, तर मग भावातच गडबड आहे. तिथे बंद करण्याचा विचार चुकीचा नाही, पण आधी भाव तपासू. त्याचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात, तेव्हा हे पान भरून समोर ठेवा.

बाकी मुंबईचं काय झालं? आठ पराभवांनंतरच्या सहा सामन्यांपैकी चार जिंकले, 2023 ला क्वालिफायर दोनपर्यंत गेले, आणि 2024 ला पुन्हा तळाला, पुन्हा 14 पैकी 4.