देहदंड, दया आणि विलंब : एका निकालाचे वाचन



कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी आपण दत्तपादुकांसाठी ओळखतो. शिरोळ तालुक्यातील या गावाचे नाव एका फौजदारी खटल्याच्या तपशिलातही येते. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांना १९९६ मध्ये अटक झाली. चोरी करताना संशय येऊ नये म्हणून लहान मुले पळवायची आणि ती जड वाटू लागली की मारून टाकायची, असे या गुन्ह्यांचे स्वरूप होते. अंजनाबाई खटला उभा राहण्यापूर्वीच मरण पावली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २८ जून २००१ रोजी दोघी बहिणींना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी ती कायम केली.

येथे थोडे थांबावे. फाशी हा आपल्या कायद्यात अपवाद आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार ती देताना विशेष कारणे नोंदवावी लागत. बच्चनसिंग खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ ही कसोटी घातली. (हा शब्दप्रयोग बातम्यांत इतका वापरला गेला आहे, की त्यातील संयमाची सूचनाच पुसट झाली आहे.) प्रस्तुत प्रकरण या कसोटीत बसते, याविषयी न्यायालयांत मतभेद झाला नाही.

पुढचा प्रश्न वेगळा आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६१ नुसार राज्यपालांकडे व अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करता येतो. या बहिणींचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला, तो २०१४ मध्ये. अपील फेटाळल्यापासून सुमारे आठ वर्षे गेली होती. त्याच वर्षी जानेवारीत शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की शासनाच्या बाजूने झालेला अवास्तव विलंब हे शिक्षा सौम्य करण्याचे कारण ठरते. फाशीच्या कोठडीतील माणूसही अनुच्छेद २१ च्या संरक्षणाबाहेर जात नाही. आज की उद्या, या धास्तीत वर्षानुवर्षे ठेवणे ही न्यायालयाने न सुनावलेली जादा शिक्षा होय. या आधारे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोघींची फाशी जन्मठेपेत बदलली.

हा निकाल अनेकांना बोचला, आणि ते स्वाभाविक आहे. ज्यांची मुले गेली त्यांनीही तितकीच वर्षे वाट पाहिली होती. तथापि त्यांचा रोष न्यायालयापेक्षा कागद पुढे न सरकवणाऱ्या यंत्रणेवर असावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. न्यायालयाने गुन्ह्याचे क्रौर्य कमी लेखले नाही. विलंबाचे माप मात्र शासनाच्या पदरात घातले.

मराठीचे अभ्यासक म्हणून आपण शब्दांकडे पाहावे. ‘फाशी रद्द’ या मथळ्याने वाचकाचा समज होतो, की दोघी सुटल्या. प्रत्यक्षात सुटकेची मागणी मान्य झाली नाही. शिक्षा ‘माफ होणे’, ‘सौम्य होणे’ आणि ‘दोषमुक्त होणे’ या तीन भिन्न गोष्टी आहेत. दोषसिद्धी येथे अबाधित राहिली.

सरावासाठी : या निकालाची बातमी ऐंशी शब्दांत लिहा. मथळ्यात ‘रद्द’ हा शब्द वापरू नका.