एक लाखाचं होम थिएटर: कोटेशन वॅटवर नाही, खोलीवर बनवा



सीसीटीव्ही, केबल किंवा घरगुती वायरिंगची कामं करणारे बरेच जण विचारतात, "सर, जोडीला होम थिएटर बसवायचं काम घेऊ का?" जरूर घ्या. पण एक लक्षात ठेवा, या कामात तोटा माल विकताना होत नाही, माल बसवून झाल्यावर होतो. आठ दिवसांनी ग्राहकाचा फोन येतो, "दादा, आवाज दणकून येतोय, पण बोललेलं कळत नाही."

माझ्या सुरुवातीच्या एका कामात अशा पाच फेऱ्या झाल्या. दहा बाय बाराचा हॉल, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, आणि मी बसवले सात स्पीकर. ग्राहकाला शेजाऱ्यापेक्षा जास्त हवे होते आणि मला बिल मोठं हवं होतं! मागचे दोन स्पीकर अगदी कानाशी आले. शेवटी ते परत घेऊन त्या पैशात चांगला सेंटर स्पीकर दिला, तेव्हा तक्रार थांबली. नफा गेलाच, पेट्रोलही अंगावर पडलं.

चूक कुठे झाली? सिनेमातले बहुतेक संवाद टीव्हीखालच्या सेंटर स्पीकरमधून येतात. मी त्याच्यावरच पैसे वाचवले होते. म्हणून आता पाहणीला जाताना मी आधी मोजपट्टी काढतो, कॅटलॉग नंतर. खोली किती, सोफा कुठे, टीव्हीपासून किती लांब, हे वहीत लिहितो. डावा-उजवा स्पीकर बसणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून साधारण २२ ते ३० अंशात आणि सराउंड कानांच्या किंचित मागे, ११० अंशांच्या आसपास, थोडे उंचावर यायला हवेत. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर ५.१ पुरे. बजेट फारच कमी असेल तर आधी ३.१ द्या, म्हणजे समोरचे तीन स्पीकर आणि एक सबवूफर. मागच्या दोघांची वायर मात्र आत्ताच टाकून ठेवा. रंगकाम झाल्यावर भिंतीत झिरी मारायला कोणी देत नाही.

आता वॅट. ग्राहक खोक्यावरचा आकडा वाचूनच येतो, त्यामुळे हे तुम्हाला समजावता आलंच पाहिजे. खोक्यावर १३० वॅट लिहिलेल्या रिसिव्हरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात पाहिलं, तर तो आकडा ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती आणि एकच चॅनेल चालू असतानाचा असू शकतो. तेच मशीन ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू असताना ७० वॅट देतं. खोटं कोणीच बोललेलं नाही! पण दोन मशीनची तुलना करताना दुसऱ्या प्रकारचाच आकडा धरा. पीएमपीओ लिहिलेलं दिसलं तर तिकडे बघूच नका.

वॅटपेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. ८६ डेसिबलच्या ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. ओहमही तपासा. रिसिव्हरला किमान ६ ओहम सांगितलेत आणि तुम्ही ४ ओहमचे स्पीकर जोडलेत, तर मोठ्या आवाजात तो तापून बंद पडू शकतो. ही फेरीसुद्धा तुमच्याच खिशातून.

रिसिव्हरमध्ये काय लागतं हे ग्राहक काय बघतो यावर ठरतं. टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमे बघणाऱ्याला साधा एआरसी पुरतो, कारण ही ॲप जो डॉल्बी डिजिटल प्लस आवाज पाठवतात तो एआरसीतून जातो. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये तो पुढे पाठवायला सांगावा लागतो. त्याला सहा एचडीएमआय असलेलं महाग मशीन विकू नका. चांगले स्पीकर वर्षानुवर्षं चालतात, एचडीएमआयचे नियम मात्र बदलत राहतात. म्हणून पैसा स्पीकरकडे वळवा.

समजा ग्राहकाचे १ लाख आहेत. मी साधारण असं धरतो: रिसिव्हर ३० हजार, समोरचे तीन स्पीकर ३० हजार, सराउंड १० हजार, सबवूफर १५ हजार, वायर-ब्रॅकेट ५ हजार, आणि जोडणी व सेटिंगचे १० हजार. शेवटची ओळ कोटेशनमध्ये वेगळीच दाखवा. ती मालाच्या किमतीत लपवलीत, तर ग्राहक ऑनलाइन भाव दाखवून तुमची मजुरीच कापतो.

वायर शुद्ध तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची घ्या. लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरसुद्धा मिळते. टोक खरवडून आतला रंग बघा.

सबवूफरची जागा शोधायला तो सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीकडेने वाकून फिरा. जिथे बास घुमत नाही, सारखा ऐकू येतो, तिथे सब ठेवायचा. ग्राहक हसतो, हसू द्या. मग क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून रिसिव्हरसोबतच्या माइकने सेटिंग करा, त्यांच्या आवडीच्या सिनेमातला हळू बोलण्याचा एक प्रसंग लावा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "आजी, शब्द कळतायत का?" त्या हो म्हणाल्या की मगच उरलेल्या रकमेचं बिल पुढे करा.